रुसव्यांचा बंदोबस्त

आमच्या घरात दोन पंथ होते. बाबांचा पंथ ‘वेळेवर पाहू’ म्हणणाऱ्यांचा आणि आईचा ‘आताच पाहा’ म्हणणाऱ्यांचा. बाबा कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होते. कितीतरी दिवस घरी नसत, आणि असले की नेरच्या आमच्या मोहल्ल्यात त्यांचा मोठा मान असे, कारण संकटात धावून जाणं हा त्यांचा छंदच होता. कोणाची बादली विहिरीत पडली की पहिली हाक बाबांना. बाबा दोराला लोखंडी गळ बांधून काठावर उभे राहत, डोळे मिटून तो गळ पाण्यात फिरवत, आणि भोवती बायका, पोरं, म्हातारे, एखादी बकरी, अशी सगळी मंडळी श्वास रोखून उभी असत. बादली वर आली की त्यांना मानाचा चहा मिळे. आमच्या घरची बादली मात्र कधी विहिरीत पडली नाही, कारण दोर झिजायला लागला की आई तो बदलून टाकी. न तुटलेल्या दोराभोवती गर्दी जमत नाही, त्यामुळे आईला कोणी कधी चहा पाजला नाही. बाबांची तर अशी समजूत होती की आपली बादलीच गुणाची आहे.

आईचं सगळंच असं आधीचं. उन्हाळा लागला की छपरावरची कौलं, आमच्याकडची कवेलू, फेरून घेण्यासाठी ती बाबांच्या मागे लागे, आणि बाबा म्हणत, “पानी त येऊ दे आंधी.” पाहुणे उद्या यायचे असले तर डाळ आज निवडून ठेवलेली असे. स्टोव्हची पिन, सुई-दोरा, लवंगा, चिंधी, सगळं एका जुन्या बटव्यात घालून तो ती कमरेला खोचून हिंडे, आणि चालताना त्यातून बारीक खुळखुळ आवाज येई. सकाळी जिनिंगचा भोंगा वाजायच्या आधी तो खुळखुळाट ऐकू येई, मग स्टोव्हला हवा भरण्याचा, मग भाकरी थापण्याचा. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, बाजूला ठेचा. बाबा घरी असले तर या सगळ्याच्या खाली त्यांचं घोरणं चाललेलं असे. मी आज आईच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि माझ्याही पर्समध्ये सेफ्टी पिना आणि लवंगा असतात म्हणून सून हसते. पण गुडघे पार धरल्यावरच मी डॉक्टरकडे गेले, म्हणजे मी शेवटी बाबांच्याच पंथाची निघाले.

आईच्या या शिस्तीला कायम पुरून उरलेला एकच माणूस होता, तो म्हणजे बोरी अरबचे मामाजी. हे माझ्या आत्याचे यजमान, आमच्या घरचे सगळ्यात थोरले जावई. बोरीच्या बाजारात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. उंच, हडकुळे, मिशा अशा की हसले काय आणि रागावले काय, बाहेरून फरक कळू नये. माणूस वाईट नव्हता. पण लग्नकार्यात ते रुसत. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा मुहूर्त, पत्रिका जुळवणं, नवस-सायास, सगळं सोडून दिलं. जावयाचा रुसवा तेवढा सोडायचा राहून गेला.

मामाजी एकदा रुसले ते जेवायला बोलवायला लहान पोराला पाठवलं म्हणून. एकदा गळ्यात घातलेला हार आधी दुसऱ्याच्या गळ्यात होता म्हणून. एका बारशाला तर ते का रुसले हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मला वाटतं मनवामनवी इतकी लांबली की ते स्वतःही विसरले असावेत. रुसले की आधी खांद्यावरचा टॉवेल झटकायचा, मग मांडवाच्या खांबाला हात लावून रस्त्याकडे पाहायचं, मग आत्याला म्हणायचं, “चाल वं, आपलं इथं काही काम नाही.” आणि निघायचं. मग काका, बाबा, शेजारी, आचारी, अशी फौज मागे. कोणी हात धरी, कोणी खांद्यावर हात टाकी, कोणी “जवाईबुवा, आमची चुकी झाली” म्हणून स्वतःचे कान पकडी. ही मनवामनवी इतकी रंगे की पाहुणे नवरा-नवरीला सोडून तिकडे बघत. हल्लीच्या लग्नात असं काही पाहायला मिळत नाही. परवा नातवाच्या लग्नात एक जावई रुसले, तर त्यांनी फक्त मोबाइलवरचा घरचा ग्रुप सोडला, आणि हे कोणाच्या लक्षात येईपर्यंत लग्न लागून गेलं होतं.

काकांच्या मुलीच्या लग्नात मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. मामाजी रुसून एका दिशेला निघाले, तेव्हा वराकडचे एक वडीलधारे म्हणाले, “यायचा जवाई रुसते, त आमी का रस्त्यावर पडलो हावो?” आणि ते दुसऱ्या दिशेला निघाले. अर्धी मंडळी इकडे धावली, अर्धी तिकडे, आचारीही धावले, आणि भात करपला. वऱ्हाड उपाशी परत गेलं. ही बातमी बाभुळगावपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आणि नेमकं बाभुळगावच्याच मुलाशी माझ्या मोठ्या बहिणीचं, सुशीलाताईचं, ठरत आलं होतं.

मुलगा मास्तर होता. पाहायला आला तेव्हा त्यानं चहाची बशी स्वतः उचलून आत आणून दिली, तेव्हापासून ताई आरशासमोर उगाच रेंगाळायला लागली होती. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी बसून मामाजींच्या रुसण्याची कारणं शोधून काढली. मान कमी पडतो, हे एकमतानं ठरलं. मग मान वाढवण्यात आला. त्यांना खुर्ची सगळ्यात पुढे. हार सगळ्यात आधी, अगदी कोरा. बोलवायला स्वतः काका. आणि खुर्ची लाकडी आहे म्हणून त्यावर नवी कोरी उशी. मामाजी आले, खुर्चीकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि म्हणाले, “उशी काहून देली मले? मी का आजारी हावो?” टॉवेल झटकला गेला. खांबाला हात लागला. बाबा “चला रे” म्हणत धावले. नव्या व्याह्यांसमोर, मुलाच्या हातात अंगठी तशीच राहून, सगळी फौज कान पकडून रस्त्यावर उभी राहिली.

व्याही शांत गृहस्थ होते. जाताना त्यांनी बाबांना बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढाच हळू ठेवला. “भाऊ, पोरगी आमाले पसंत हाये. तुमीबी पसंत हा. पन लग्नात हा तमाशा झाला न, त मी पोराले घिऊन उठून जाईन. माह्या घरचा मोठा भाऊ बी असाच हाये. एक रुसला का त्याले चेव येते. मी कोनाकोनाले धरू?” ताई दाराआड उभी होती. त्या संध्याकाळी तिनं ताटातली भाकरी तशीच कुस्करून ठेवली, आणि आईनं ते पाहिलं.

मग घरात बैठक बसली. काकांनी सुचवलं की चार धट्टेकट्टे लोक फक्त मामाजींसाठी नेमावे, टॉवेल झटकला की लगेच त्यांना धरावं. शेजारच्यांनी सुचवलं की त्यांचे जोडे लपवून ठेवावे. बाबा म्हणाले, “एवढं कायले डोकं लावता? वेळेवर पाहू.” आई कोपऱ्यात डाळ निवडत होती. ती म्हणाली, “तहान लागल्यावर विहीर खनता तुमी सारे.” बाबा म्हणाले, “मंग तूच पाह्य.” हे ते रागानं म्हणाले, पण आईनं ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला सोबत घेतलं, लग्नाची पत्रिका घेतली, आणि आम्ही दारव्ह्यावरून बोरी गाठली.

बाजाराचा दिवस होता. मामाजींचं दुकान म्हणजे एक टपरी, पुढे पाण्याचं घमेलं, दोरीला लटकलेल्या जुन्या ट्यूबा, आणि भोवती माणसंच माणसं. त्या गर्दीतले मामाजी मी पहिल्यांदाच पाहिले. “मामाजी, हवा.” “मामाजी, ब्रेक लागत नाही.” “मामाजी, माह्या पोराची सायकल पाहा न जरा.” ते एकाला शिव्या देत होते, दुसऱ्याला हसत होते, तिसऱ्याच्या गाईची चौकशी करत होते, आणि हात चालूच होते. आम्हाला पाहून त्यांनी भजे मागवले, चहा मागवला, आणि बसायला एक डबा उलटा करून दिला. आईनं पत्रिका काढलीच नाही. ती भजे खात नुसती त्यांच्याकडे बघत बसली, इतका वेळ की मला लाज वाटायला लागली.

तेवढ्यात एक माणूस कालच काढलेलं पंक्चर पुन्हा झालं म्हणून तणतणत आला. मामाजींनी टायरात हात फिरवला आणि त्याच्यावर ओरडले, “काटा टायरातच हाये. तो काढू देत नाही, घाई करते, आन् मले म्हनते थिगळ लाव. किती थिगळं लावू?” तो माणूस वरमला. आई हळूच म्हणाली, “जवाईबुवा, एक इचारू?”

“इचारा न वयनी.”

“दुकानात तुमी कदी रुसत नाही?”

मी भजं तोंडात तसंच धरून ठेवलं. असा प्रश्न मामाजींना समोरासमोर आजवर कोणी विचारला नव्हता. पण ते रागावले नाहीत. बाभळीचा काटा बोटात धरून म्हणाले, “दुकानात रुसाले टाइम कोनाले हाये? हे लोक पाहा न. एक मिनिट बसू देत नाहीत.” मग काट्याकडेच बघत म्हणाले, “तुमच्या इकडं नेऊन खुर्चीत बसवता. हार घालता. मंग सारे आपापल्या कामाले पळता. मी तिथं बसून काय करू? पंख्याकडं पाहू? रुसलो म्हंजे चार लोक येऊन बोलतात तरी.”

हे बोलून ते स्वतःच ओशाळल्यासारखे झाले आणि उगाच पंप मारायला लागले. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. आता मलाही कार्यात पुढच्या रांगेत खुर्ची मिळते.

आईनं चहा संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि मग पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. “जवाईबुवा, पत्रिका पाहुन्याची नाही हे. लग्नात तुमाले काम हाये. नव्या इवायाचा मोठा भाऊबी रुसते म्हनतात. कोन रुसून राह्यलं, काहून रुसून राह्यलं, हे रुसाच्या आंधी पाहाचं. हे काम घरात दुसऱ्या कोनाले जमनार नाही.”

मामाजींनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. “म्हंजे चोरालेच चौकीदार?”

“चोराच्या वाटा चोरालेच ठाऊक,” आई म्हणाली.

मला वाटलं, झालं, आता टॉवेल झटकला जाणार. पण टॉवेल त्यांच्या खांद्यावर नव्हताच, दुकानात तो सीट पुसायला वापरत. मिशा हलल्या. ते खाली बसले आणि अत्यंत धंदेवाईक आवाजात म्हणाले, “इवायाकडं कोन कोन हाये? मोठा भाऊ म्हनता, तो जाडा हाये का बारीक? बारीक लवकर रुसते.”

लग्नाच्या आदल्या दिवशी मामाजी हजर. नवे कपडे पिशवीत, अंगात दुकानातला शर्ट. त्यांनी मांडवाला एक फेरी मारली आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. म्हाताऱ्यांच्या बसायच्या जागी पाण्याचा माठ आणून ठेवा, कारण पाणी मागावं लागलं की म्हाताऱ्याचा अपमान होतो. जेवायला बोलवायला पोरं पाठवायची नाहीत. वराकडच्या थोरल्या आत्याबाई आल्या की त्यांना आधी सैपाकाकडे न्यायचं आणि भाजीचं मीठ पाहायला लावायचं. “मीठ बरोबर राहीन,” आचारी म्हणाला. “बरोबरच पाह्यजे,” मामाजी म्हणाले, “तरी इचाराचं.” भाषणाची हौस असलेले एक गुरुजी होते, त्यांना शुभेच्छा द्यायला बुद्धवंदनेनंतर लगेच उभं करायचं, म्हणजे ते पुढचा वेळ प्रसन्न राहतील. फोटोवाल्याला त्यांनी कोपऱ्यात घेऊन सांगितलं, “जो समोर उभा राहीन, त्याच्यावर फ्लॅश मारत जा. रीळ संपलं तरी मार.” त्या लग्नाच्या अल्बममध्ये मोजकेच फोटो आहेत, आणि तरीही कितीतरी लोक मरेपर्यंत सांगत की सुशीलेच्या लग्नात आपला फोटो सगळ्यात छान निघाला होता.

वऱ्हाड आलं. ऊन मी म्हणत होतं. पांढऱ्या साडीत ताई मंचावर येऊन बसली, मी तिच्या मागे उभी. वंदना झाली, गुरुजी बोलले आणि प्रसन्न झाले. आत्याबाईंनी मीठ पास केलं. मामाजी घामानं डबडबून इकडून तिकडे फिरत होते, आणि आई सैपाकाच्या दारातून त्यांच्यावर नजर ठेवून होती. मग स्वागताला सुरुवात झाली. माइकवरून एकेकाचं नाव पुकारत होते, बाबा हार घालत होते. आणि त्या घाईत व्याह्यांच्या थोरल्या भावाचं नावच पुकारायचं राहिलं. ते बारीक होते. मी मंचावरून पाहिलं, त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि झटकला. मग खांबाला हात लावला. मला वाटलं होतं ही मामाजींची स्वतःची पद्धत आहे. तेव्हा कळलं की सगळ्या जिल्ह्यात रुसवा असाच सुरू होतो.

ताईनंही पाहिलं. तिनं मागे हात करून माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी फुटली. व्याही खुर्चीतून अर्धे उठले होते, चेहरा पडलेला. आणि बाबांच्या अंगात वारं शिरलं. हार हातात तसाच घेऊन ते “चला रे, चला” म्हणत निघाले, काका निघाले, शेजारी कान पकडायला हात वर नेतच होते. तेवढ्यात मामाजी आडवे आले. “कोनी हलू नका,” ते दबक्या आवाजात बाबांना म्हणाले. “गर्दी पाह्यली का तो जातेच. मले मालूम हाये न. मले एकट्याले जाऊ द्या.” बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी संकटाच्या वाटेत अडवलं होतं. ते हार हातात धरून तसेच उभे राहिले.

मामाजी थोरल्या भावाजवळ गेले. हात धरला नाही, माफी मागितली नाही. कपाळावरचा घाम पुसत, वैतागलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, “जयभीम भाऊ. तुमीच पाह्यजे होते मले. पंगत बसाची हाये, आन् बाभुळगावचं मानूस मी एक ओळखत नाही. कोनाले कोनाच्या बाजूले बसवलं त भांडन होते, हे तुमच्याशिवाय कोन सांगन? माह्यानं एकट्यानं नाही होत हे.”

थोरले भाऊ रस्त्याकडे बघत राहिले. मांडवात कोणी हलेना. मग त्यांनी टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, “अरे, त्या तुकारामाले आन् किसनाले बाजूबाजूले नोका बसवू. त्यायची बांधावरून कटकट हाये.” आणि ते मामाजींच्या आधी पंगतीकडे चालायला लागले. ताईनं माझं मनगट सोडलं. वरमाला पडल्या, टाळ्या झाल्या. नंतरचा सगळा वेळ थोरल्या भावाचा आवाज पंगतीवर गर्जत होता, आणि तुकाराम व किसन दोन टोकांना बसून सुखानं बुंदी खात होते.

संध्याकाळ व्हायच्या आत ताईची पाठवणी झाली. निघताना व्याही बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, “लई सोईनं पार पडलं भाऊ. कायची म्हनून कटकट नाही.” बाबांनी छाती पुढे काढली. “म्या सांगतलं होतं न, वेळेवर सारं बरोबर होते.” काकांनी मान डोलावली. शेजाऱ्यांनी बाबांना चहा आणून दिला. मोहल्ल्यातल्या एक म्हाताऱ्या बाई मात्र खट्टू होऊन घरी गेल्या. त्यांचं म्हणणं, लग्न ठीक होतं, पण मजा काही आली नाही.

मी सैपाकघरात आले तर आई भिंतीकडे तोंड करून उरलेले रोडगे टोपलीत भरत होती. मी हाक मारली, ती रोडगे भरतच राहिली. बाबा दारातून डोकावून म्हणाले, “आता काय झालं वं तुले?” तिनं टोपली आपटली. आई रुसली होती. आमच्या घरात हे पूर्वी कधी घडलंच नव्हतं, त्यामुळे काय करायचं ते कोणालाच सुचेना. बाबा म्हणाले, पोरगी गेली म्हणून असेल. काका म्हणाले, थकली असेल. मी नुसतीच उभी राहिले.

मामाजी मागच्या अंगणात हातपाय धूत होते. ते ओल्या पायांनीच आत आले, आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि आईच्या समोर जमिनीवर बसले. जावई घरच्या सुनेसमोर असा जमिनीवर बसलेला मी तोवर पाहिला नव्हता. “वयनी,” ते म्हणाले, “हे लग्न तुमी पार पाडलं. मी फक्त फिरलो. मी साऱ्यायले सांगनार हावो, पन पहिले तुमाले सांगून राह्यलो.”

ताई गेली तेव्हा आई रडली नव्हती. आता ती टोपलीवर डोकं टेकून रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरासारखी. बाबा घाबरून आत आले, “अरे, काय झालं? पानी आना, पानी आना” म्हणायला लागले.

मामाजींनी मागे न बघता हात वर केला.

“तुमी भायेर जा,” ते म्हणाले. “माहं काम चालू हाये.”

आणि बाबा निमूटपणे बाहेर जाऊन उभे राहिले.